शंभर दाणे गोणपाटात तपासता, मग मोबाईलवरचा मेसेज तसाच का पेरता?

मे महिना उतरणीला लागला की सोयाबीन करणाऱ्या घरांत एक काम हमखास निघतं. घरच्या बियाण्यातून शंभर दाणे मोजायचे. चांगले चांगले निवडून नाही, हाताला लागतील ते. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीला ठेवायची आणि रोज थोडं पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं बिनघोर पेरायचं. साठ-पासष्ट निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं. त्याहून फारच कमी निघाले तर तो माल मार्केटला न्यायचा, रानात टाकायचा नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या होत्या. तेव्हापासून ही चाचणी पूर्वी न करणारेही करायला लागले.

ह्या चाचणीत बियाण्याचा अपमान नाही आणि देणाऱ्याचाही नाही. सख्ख्या भावाच्या घरून पोतं आलं तरी शंभर दाणे मोजले जातात. भाऊ रागावत नाही, तोही तेच करतो.

आता बघा, गुंडाळी सावलीला पडलेली आहे आणि तिचा मालक ओट्यावर बसलाय. मोबाईल वाजतो. गावाच्या ग्रुपवर मेसेज येतो की अमुक योजनेचे पैसे आजच्या आज अर्ज केला तरच मिळणार, किंवा परिसरात मुलं पळवणारी टोळी फिरतेय. वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात तो मेसेज भाऊबंदकीच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आणि सासुरवाडीला जाऊन पोचलेला असतो. इथं शंभर दाणे कोणी मोजत नाही.

शहरातले लोक म्हणतात, शेतकरी भोळा असतो. हे काही खरं नाही. बैल घेताना दात बघतात, चालवून बघतात, पाठीवर थाप मारून बघतात. आठवडे बाजारात मिरची मोडून वास घेतल्याशिवाय पिशवीत जात नाही. जमीन घ्यायची म्हटली की सातबारा काढायचा, जुने फेरफार बघायचे, बांध फिरून यायचा आणि तरीही मोजणीची क प्रत हातात आल्याशिवाय शांत झोप नाही. एवढी चिकित्सा करणारा माणूस भोळा कसा? अक्कल आहे आणि ती रोज वापरातही आहे. पण मोबाईलच्या काचेपाशी येऊन ती थांबते. असं का होतं, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे, कारण त्याची किंमत ह्याच जिल्ह्यानं मोजलेली आहे.

राईनपाड्यात संशय होता, चौकशी नव्हती

१ जुलै २०१८. रविवार होता. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं आली. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा भटका समाज. ही माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागाकडची, पिंपळनेरला पाल ठोकून राहिलेली. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला. एवढं पुरलं. मुलं पळवणारे आले अशी हाकाटी झाली, बाजारातली गर्दी धावली, मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं पाचही जणांचा जीव गेला.

त्याआधी काही आठवडे त्या भागातले मोबाईल एकाच गोष्टीनं भरले होते. टोळी फिरतेय, मुलं उचलतेय, किडन्या काढून विकतेय. सोबत फोटो आणि व्हिडिओ. त्यातली ओळीनं निजवलेली मेलेली लेकरं पाहून कुणाच्याही पोटात कालवेल. फोटो खोटा नव्हता, पण तो इथला नव्हता आणि तेव्हाचाही नव्हता. २०१३ मध्ये सीरिया देशात घौटा इथं विषारी वायूचा हल्ला झाला, त्यात मेलेली ती मुलं. त्याच हंगामात देशभर आणखी एक क्लिप फिरली. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, अशी. ती पाकिस्तानात कराचीमध्ये पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली जाहिरात होती. मूळ जाहिरातीत तेच दोघे शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि बाकीचं सोडून दिलं.

म्हणजे हातात आलेलं साहित्य अर्धं खरं होतं. पूर्ण खोटं लवकर पकडलं जातं. अर्धं खरं पोटात शिरतं.

राईनपाड्यात लोक संशय घ्यायला कमी पडले नव्हते. कपड्यांवर, बोलीवर, परक्या चेहऱ्यांवर, लेकराशी बोलण्यावर, सगळ्यांवर संशय घेतला. फक्त एका गोष्टीवर घेतला नाही. ती गोष्ट म्हणजे खिशातला मेसेज. माणसावर संशय आणि मेसेजवर विश्वास, असं उलटं गणित झालं. आपण संशय आणि शंका हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो, पण त्यांत फरक आहे. संशय घेणाऱ्यानं मनात निकाल आधीच दिलेला असतो. शंका असणारा अजून विचारत असतो. तुम्ही कुठले, कुणाकडं उतरलात, तुमच्यासोबत कोण आहे, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं पिंपळनेरला एक फोन केला असता तर मिळाली असती. टोळीवाल्यांचा मेसेज खरा की खोटा, हे ठाण्याला विचारता आलं असतं. आणि कुठल्या गावातलं, कुणाचं मूल गेलं, हा तर अगदी साधा प्रश्न. त्या सगळ्या आठवड्यांत तो नेटानं विचारला असता तर उत्तरात एकाही गावाचं नाव आलं नसतं.

त्याच रात्री शेजारच्या मालेगावातही हाच प्रकार घडत होता. मुलं पळवणारे समजून जमावानं एका कुटुंबातल्या पाच जणांना घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं लेकरू होतं. पण पोलीस वेळेत पोचले, जमावाच्या अंगावर जाऊन त्यांनी त्या पाचही जणांना बाहेर काढलं आणि सगळे वाचले. अफवा तीच, दिवस तोच.

नंतर राईनपाड्यात काय झालं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. वीसहून जास्त लोकांना अटक झाली. अटकेच्या भीतीनं गावं आणि पाडे ओस पडले, तेही ऐन पेरणीच्या दिवसांत. मारणारे सराईत गुन्हेगार नव्हते. बाजाराला आलेले, पिशवीत मीठ-मिरची घेऊन घरी जाणारे लोक होते. मंगळवेढ्याकडची पाच घरं उघडी पडली आणि इकडची कित्येक घरं कोर्टाच्या दारात उभी राहिली.

विचारलं तर राग येतो

मग मेसेजला प्रश्न का विचारला जात नाही? एक कारण सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी बोलून दाखवत नाही. मेसेज परका माणूस पाठवत नाही. मामा पाठवतो, शाळेतले गुरुजी पाठवतात, माजी सरपंच पाठवतात. त्या माणसावरचा विश्वास आपोआप मेसेजला चिकटतो. खरं तर मामानं तो लिहिलेला नसतो. मामाला त्याच्या व्याह्यानं पाठवला, व्याह्याला आणखी कुणीतरी. पोतं मामाच्या घरून आलं, पण आत माल कुठल्या रानातला आहे हे मामालाही ठाऊक नाही.

आणि विचारावं तर अडचण. ग्रुपवर कुणी लिहिलं, "हे खरं आहे का?" की समोरून उत्तर येतं, "म्हणजे मी खोटं बोलतो का?" वयानं मोठा माणूस असेल तर विषयच संपला. गावात शब्दाला किंमत असते, म्हणून शंकेला उद्धटपणा समजतात. लग्नकार्य, पाण्याची पाळी, बांधावरचा रस्ता, सगळं एकमेकांवर अवलंबून. एका मेसेजपायी कोण वाकडं घेणार? म्हणून खोटं दिसत असलं तरी लोक गप्प बसतात. ग्रुपमध्ये दोनशे माणसं असतात, त्यातल्या वीसेक जणांना कळलेलं असतं आणि वीसही जण वाट बघतात की दुसरा कुणीतरी बोलेल.

यावर तोडगा आपल्याच रीतीत आहे. गावातले जुने पंच भांडण सोडवताना "तू खोटारडा" अशी सुरुवात करत नसत. "बरं, झालं काय ते सांग. तू डोळ्यानं पाहिलं का ऐकलं?" इथून सुरुवात. गाडगेबाबांचं कीर्तनही प्रश्नांवरच चालायचं. बाबा समोरच्या लोकांना विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. ग्रुपवरही "हे खोटं आहे" असं लिहिण्यापेक्षा "काका, हे कुठल्या गावचं आहे? कधीचं?" असं विचारलं तर काकांचा मान राहतो आणि काकाही ज्यानं पाठवलं त्याला तेच विचारतात. दोन-तीन पायऱ्या मागं गेलं की बहुतेक वेळा कळतं, की स्वतः पाहिलेला माणूसच नाही.

मेसेजच्या वर दोन बाण आणि "अनेकदा फॉरवर्ड केले आहे" असं दिसलं, तर तो कुणाच्या तरी हातचा लिहिलेला नाही, बऱ्याच हातांतून फिरून आलाय, एवढं समजायचं. राईनपाड्यासारख्या घटना झाल्यावरच व्हॉट्सअॅपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कंपनीला जे शहाणपण सुचलं ते पाच माणसं गेल्यावर, हे सोडून देऊ.

हे शेवटी खाणार कोण?

अफवेचा फटका दर वेळी परक्यालाच बसतो असं नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकन खाल्लं की कोरोना होतो, असा मेसेज फिरला. पशुसंवर्धन खातं सांगत राहिलं की चिकनचा आणि कोरोनाचा संबंध नाही, पण मेसेज पुढं आणि खातं मागं. ब्रॉयलर कोंबडी तयार करायला तेव्हा किलोला सत्तरच्या आसपास खर्च यायचा, ती दहा-पंधरा रुपयांवर आली. कुणी फुकट वाटली, कुणी खड्डा करून पुरली. ते मेसेज पुढं पाठवणाऱ्यांत मका पिकवणारे शेतकरीही होते. कोंबडीचं खाद्य मक्याचं असतं. पोल्ट्री बसली तशी मक्याचीही मागणी बसली. काही महिन्यांनी चिकनचे भाव चढले, तेव्हा अनेकांच्या शेडमध्ये विकायला पक्षीच नव्हते.

फसवणुकीचा दुसरा प्रकार जास्त गोड असतो. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरहून सुरू झालेल्या कडकनाथ कोंबडीच्या योजनेचा फुगा फुटला. पैसे भरा, पिल्लं आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी आम्हीच जादा दरानं परत घेऊ, असा करार. राज्यातल्या कितीतरी जिल्ह्यांतले शेतकरी, नोकरीतून निवृत्त झालेली माणसं आणि बेकार पोरं त्यात अडकली. पुढं खरेदी थांबली, खाद्य थांबलं, आणि शेडमध्ये काळे पक्षी ओरडत राहिले.

इथंही अर्धं खरंच होतं. कडकनाथ ही अस्सल जात आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पक्षी खरा होता, म्हणून हिशेबही खरा वाटला. पण एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला. कंपनी हे अंडं माझ्याकडून महागात घेते, मग पुढं ते खातं कोण? तालुक्याच्या गावात कुठल्या हॉटेलात मिळतं, कुठल्या दुकानात विकलं जातं? उत्तर शोधलं असतं तर लक्षात आलं असतं की खाणारं गिऱ्हाईक थोडं आणि बरंचसं अंडं उबवून त्याची पिल्लं पुढच्या शेतकऱ्यालाच विकायची आहेत. म्हणजे नवीन माणूस पैसे भरतोय तोवर जुन्याला मिळणार. ज्या दिवशी नवीन माणूस थांबेल त्या दिवशी सगळंच थांबणार.

हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. त्याच्या सात वर्षं आधी, २०१२ मध्ये, तामिळनाडूत पेरुंदुराईला इमू पक्ष्याचा असाच धंदा कोसळला होता आणि महाराष्ट्रातही इमूची शेडं ओस पडली होती. कडकनाथचे पैसे भरताना कितीतरी जणांना इमू आठवला असेल. पण शेजाऱ्याला पहिला हप्ता मिळालेला असतो ना. तो मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज दाखवतो. मग इमू कोण आठवणार? पहिले हप्ते वेळेवर मिळणं हा अशा योजनेत भरवशाचा पुरावा मानतात. खरं तर ती तिची जाहिरात असते आणि ती शेजारी फुकट करतो.

चंदन असो, कोरफड असो, महिन्याला टक्क्यानं पैसे देणारी गुंतवणूक असो, नाव बदलतं. शेवटचं गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न तोच राहतो. कापसाच्या बियाण्यातही वेगळं नाही. बिल नाही, पाकिटावर कंपनीचा पत्ता नाही, रात्री मोटारसायकलवरून घरपोच मिळतं आणि "तणनाशक मारलं तरी पऱ्हाटीला काही होत नाही" एवढीच हमी. असं चोरबीटी उगवलं नाही तर कुणाच्या नावानं तक्रार करणार? कृषी खातं दर वर्षी कंठशोष करून सांगतं की बिल, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. ती पिशवी म्हणजेच उद्याचा पुरावा. पण पेरणी झाली की बहुतेक घरांत पिशवीचं काय होतं, हे सांगायला नको.

आणि सध्याचा सगळ्यात महागडा मेसेज म्हणजे एपीके फाईल. पीएम किसानची यादी, गाडीचा चलान, बँकेचं केवायसी, लग्नाची पत्रिका, ह्यांपैकी कुठलंही नाव देऊन ती येते. दाबली की मोबाईलमध्ये एक अॅप बसतं, ते तुमचे मेसेज वाचायला लागतं, ओटीपी परस्पर चोराला जातो आणि खातं रिकामं होतं. अनेकदा ती ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा मोबाईल आधी फसलेला असतो. पुन्हा तेच, मामाच्या घरून आलेलं पोतं. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत थेट बँक खात्यात येतात. त्यासाठी व्हॉट्सअॅपवर आलेली फाईल उघडायची गरज नसते. सरकारी साइटच्या नावाच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं. ते नसेल तर आपलं सेवा केंद्र किंवा कृषी सहायक आहेत, त्यांना विचारायला पैसे पडत नाहीत.

सगळंच खोटं म्हणणंही महागात पडतं

शंका घ्या म्हटलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. सरकारचं खोटं, डॉक्टरचं खोटं, पेपरवाल्यांचं खोटं, हवामान खात्याचं तर खोटंच. अशा माणसाला चिकित्सक समजू नये. त्यानं फक्त तपासायचा त्रास वाचवलेला असतो. २०२१ मध्ये लस घेतली की माणूस दगावतो, अशी अफवा सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत चढली. तिथं लोक लसीवर शंका घेत होते, पण अफवेवर घेत नव्हते. शंकेला वजन लागतं ते दोन्ही पारड्यांत सारखं टाकलं तरच. त्यावेळी भाषणांपेक्षा एका गोष्टीचा जास्त उपयोग झाला असणार. आशाताई आणि नर्सबाईंनी स्वतः आधी लस घेतलेली होती आणि त्या समोर धडधाकट उभ्या होत्या. डोळ्यांनी बघता येईल असा पुरावा तोच.

हवामानाच्या अंदाजाचंही तसंच. अंदाज चुकतो, म्हणून तो टाकून द्यायचा नसतो. चार दिवस पावसाची शक्यता सांगितली असेल तर काढलेला कांदा झाकायला ताडपत्री लागतेच. पाऊस आला नाही तर ताडपत्री परत घडी करता येते.

वर्तमानपत्रं, टीव्ही आणि पोर्टलवरच्या बातम्या, ही सुद्धा, तपासून घेण्याच्याच वस्तू आहेत. बातमीत गावाचं नाव आहे का, तारीख आहे का, कोणी सांगितलं ते लिहिलंय का, आणि ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याचं म्हणणं आहे का, एवढं तरी बघावं. निवडणुकीच्या दिवसांत तर जास्तच. आपल्याला आवडणाऱ्या पुढाऱ्याबद्दल वाईट छापून आलं की सगळ्यांना लगेच पुरावा हवा असतो. नावडत्याबद्दल आलं की पुरावा कोणी मागत नाही. शंभर दाण्यांच्या चाचणीत आवडते दाणे निवडून घेतले, तर गोणपाटात शंभरच्या शंभर उगवतील आणि रानात निम्मे.

सध्या तालुक्यात खरिपाची जुळवाजुळव चालू आहे. पीक कर्ज, पीक विमा, अनुदान आणि हप्ता ह्या नावांनी येणाऱ्या मेसेजचा हंगामही हाच. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता त्याच घटकेला १९३० ह्या नंबरवर फोन करायचा आणि बँकेला खातं थांबवायला सांगायचं. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी फोन गेला तर अडकवता येतात, सकाळची वाट बघितली तर अवघड होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच बसून सांगितलेलं बरं. पोरं पुण्या-सुरतेला असतात, मोबाईल म्हाताऱ्यांच्या कमरेला असतो आणि पासबुकही त्यांच्याच नावावर असतं.